आळंदी ते पंढरपूर पायी: फोड येऊ नयेत म्हणून, आणि आलेच तर

एका ताईंचा प्रश्न आहे. त्या यंदा पहिल्यांदाच आईला घेऊन आळंदी ते पंढरपूर चालणार आहेत. सराव म्हणून १२ किलोमीटर चालल्या, तर दोन्ही टाचांना फोड आले. आई ६१ वर्षांच्या, त्यांना साखर आहे. बूट घ्यावेत की सँडल, फोड फोडावा की तसाच ठेवावा आणि आईंना न्यावं की नाही, असं त्यांनी विचारलंय.

ताई, फोड घराजवळ आले हे बरंच झालं. हेच दिवेघाटाच्या मध्यावर झालं असतं तर पुढे चढ आणि मागे लाखभर माणसं, अशी गत झाली असती.

मी निवृत्त परिचारिका. नोकरीची बरीच वर्षं सर्जिकल वॉर्डात पट्ट्या बांधण्यात गेली आणि गेली १६ वर्षं आषाढीला दिंडीसोबत चालते. मुक्कामावर हातपाय धुऊन झाले की तंबूच्या दाराशी पेटी उघडून बसते, मग समोर पायांची रांग लागते. त्या रांगेतून शिकलेलं सांगते.

बहुतेकांना वाटतं, चप्पल घासली की फोड येतो. ते अर्धंच खरं आहे. एका हाताच्या पाठीवर दुसऱ्या हाताचं बोट दाबून ठेवा आणि न घसरवता पुढे-मागे हलवा. वरची कातडी बोटाला चिकटून राहते, आतली हाडं मात्र हलत नाहीत. मधल्या मधे कातडी ताणली जाते. पावलाच्या आतही हेच होतं. टाचेचं हाड पुढे सरकतं, कातडी बुटाला किंवा चपलेला धरून बसते आणि हजारो पावलांनंतर कातडीच्या आतले थर एकमेकांपासून सुटतात. त्या फटीत तास-दोन तासांत पाणी भरतं, तोच फोड. म्हणून तळव्याला, टाचेला, चवड्याला फोड येतात, कारण तिथली कातडी जाड आणि घट्ट असते. पावलाच्या वरच्या बाजूला, चपलेच्या पट्ट्याखाली कातडी पातळ असते. तिथे फोड येत नाही, सरळ सोलवटतं.

हे सविस्तर सांगायचं कारण म्हणजे फोड अचानक येत नाही. आधी एका ठिकाणी ऊब जाणवते, मग चुरचुरतं, मग आग होते. या चुरचुरीपासून फोडापर्यंत हाताशी थोडाच वेळ असतो, कधी पंधरा मिनिटं, कधी अर्धा तास. तेवढ्यात थांबून पाय कोरडा केला, खडा काढला, टेप लावली तर पुढचं सगळं टळतं. माझ्याकडे येणाऱ्या दहांतल्या आठ जणांना विचारलं की "कधी जाणवलं?", तर उत्तर ठरलेलं: "सकाळीच जाणवलं होतं, पण म्हटलं विसाव्याला बघू."

वारीत थांबणं अवघड असतं, हे मला मान्य आहे. टाळ-मृदंगाचा ठेका चालू असतो, रांग पुढे सरकत असते, आणि नवख्या माणसाला वाटतं की बाजूला झालो तर दिंडी हरवेल. म्हणून निघण्याआधी एकच गोष्ट घोकून ठेवा, ती म्हणजे तुमची दिंडी रथापुढची की रथामागची आणि तिचा नंबर कितवा. आईंच्या पिशवीतही तो चिठ्ठीवर लिहून ठेवा. नंबर माहीत असेल तर दहा मिनिटं कडेला बसून परत दिंडीत मिळणं कठीण नाही, कोणीही माउली सांगते. दिंडी हरवेल या धास्तीपायी फोड करून घेतलेले लोक मी दरवर्षी बघते.

आता पायात काय घालायचं. तुमच्या सरावातल्या फोडांवरून माझा अंदाज असा की बूट नवे होते आणि मोजे सुती. सुती मोजा घाम शोषतो आणि धरून ठेवतो. ओलसर कातडी कोरड्या कातडीपेक्षा जास्त चिकटते, म्हणजे ताण वाढतो. खेळाच्या दुकानात मिळणारे पातळ सिंथेटिक मोजे घ्या. बोटाबोटांत फोड येत असतील तर पाच बोटांचे मोजे मिळतात. दिसायला विचित्र आहेत, पण उपयोगी.

बूट की सँडल यावर दिंडीत रात्र-रात्र वाद होतात. बूट खड्यांपासून आणि उन्हापासून वाचवतो, पण आषाढात एकदा भिजला की दोन दिवस वाळत नाही. सँडल धुतली की वाळते, पण पट्ट्याखाली वाळू अडकते आणि कानशीसारखी घासते. मी दोन्ही नेते. सकाळी बूट, दुपारच्या विसाव्यानंतर मागे पट्टा असलेली सँडल. असं केल्यानं ताण पडायच्या जागा बदलतात, एकाच ठिकाणी दिवसभर मार बसत नाही. साधी अंगठ्याची चप्पल लांब चालीला नको. ती पायात राहावी म्हणून प्रत्येक पावलाला बोटं आवळावी लागतात, आणि बोटांच्या खालचा चवडा त्याची किंमत मोजतो. कोल्हापुरी तर नवी असताना चावतेच. ती तेल पाजून, महिना-दोन महिने वापरून मऊ झाली असेल तर गोष्ट वेगळी. जन्मभर तिच्यातच चाललेले आजोबा मला माहीत आहेत, त्यांना मी बूट घ्या म्हणायला जात नाही.

बूट संध्याकाळी घ्या, दिवसभरात पाय सुजलेला असतो. लांब चालीत तो आणखी फुगतो, म्हणून सर्वांत लांब बोटापुढे अंगठ्याएवढी जागा हवी. टाच मात्र घट्ट बसायला हवी, टाच वर-खाली होत असेल तर बूट परत करा. आणि दोन्ही जोड्या निघायच्या आधी सरावात चांगल्या वापरलेल्या असाव्यात. दुकानातून थेट आळंदीला नेलेल्या बुटांमुळे किती जणांची वारी पुण्यातच आटोपलीय, विचारू नका.

सरावाबद्दल एकच सांगते. एका रविवारी २५ किलोमीटर चालण्यापेक्षा लागोपाठ दोन दिवस १५-१५ चाला. वारीत रोज चालायचं असतं, आणि दुसऱ्या दिवशी हुळहुळलेल्या पायाचं काय होतं हे त्याशिवाय कळत नाही. सहा ते आठ आठवडे असं केलं की कातडी हळूहळू सरावते. भोवऱ्या मात्र वाढू देऊ नका. जाड भोवरीच्या खाली आलेला फोड खोल असतो आणि तिथे सुई पोचत नाही. आंघोळीनंतर दगडाने हलकं घासत राहा. नखं निघायच्या तीन-चार दिवस आधी सरळ कापा, आदल्या रात्री नको.

टेपबद्दल. औषधाच्या दुकानात कागदी सर्जिकल टेप मिळते, सलाईनची सुई चिकटवायला वापरतात ती. स्वस्त आहे. वाळवंटातल्या, टप्प्याटप्प्याने धावायच्या २५० किलोमीटरच्या शर्यतींमध्ये १२८ धावपटूंवर हिचा अभ्यास झाला, तो २०१६ साली प्रसिद्ध झाला. प्रत्येकाच्या पायाच्या काही भागांना टेप, काही तसेच. टेप लावलेल्या जागी फोडांचं प्रमाण सुमारे ४० टक्क्यांनी कमी निघालं. आपलं अंतरही तेवढंच आहे, अडीचशेच्या आसपास. म्हणून मी सकाळी मोजे घालण्याआधी टाचांना आणि चवड्याला एक थर लावते. तुम्हाला सरावात जिथे फोड आला, नेमकी तीच जागा तुमची. टेपचे कोपरे कात्रीने गोल करा, म्हणजे ती गुंडाळली जात नाही. सुरकुती राहू देऊ नका, सुरकुतीच फोड करते. आणि टेप फक्त धड कातडीवर लावा.

इथे एक अडचण येते. वारीच्या वाटेवर गावोगावचे लोक वारकऱ्यांचे पाय धुतात, तेल चोळतात. कोणी समोर बसून पावलं हातात घेतली की नको म्हणवत नाही. पण तेलकट पायाला टेप चिकटत नाही, आणि रोजच्या तेलानं तळव्याची कातडी मऊ पडते. मी म्हणते, "माउली, पोटऱ्यांना लावा, तळवे राहू द्या." सेवाही होते, पोटऱ्याही सुटतात. तळव्याला लागलंच तर सकाळी साबणाने धुऊन, कोरडं करून, स्पिरिटचा बोळा फिरवून मग टेप.

व्हॅसलिनचंही तसंच. लावल्यावर पाय आधी मस्त सरकतो, पण तासा-दीड तासाने ते कातडीत मुरतं आणि मग घर्षण उलट वाढतं. लावायचं तर दर विसाव्याला पुसून नव्याने लावायची तयारी हवी. मांड्यांना मात्र जरूर लावा, तिथे दुसरं काही चालत नाही. पावडर थोडीच टाका, घामाने तिचे गोळे होतात. घाम कमी करणारी ॲल्युमिनियमची औषधंही आहेत. अमेरिकेतल्या लष्करी विद्यार्थ्यांना ती लावून २१ किलोमीटर चालवलं तेव्हा फोड ४८ टक्क्यांवरून २१ टक्क्यांवर आले, पण निम्म्याहून जास्त मुलांच्या पायांची आग झाली. वारीत असला प्रयोग नको.

मेंदी बऱ्याच बायका लावून येतात. शुद्ध मेंदीने तळव्याला थंडावा वाटतो, हरकत नाही. काळी मेंदी नको, तिच्यातल्या रसायनाने खरे फोड आलेले मी पाहिलेत.

पुण्याहून सासवडचा टप्पा तीस-बत्तीस किलोमीटरचा, त्यात एकादशी, पोटात साबुदाणा, आणि दिवेघाट. चढावर टाच बुटातून निसटू बघते, म्हणून टाचेचे फोड त्या दिवशी येतात. घाटाआधी थांबून नाड्या घोट्याजवळ घट्ट करा. सासवडला पालखीचा मुक्काम वाढीव असतो, आणि माझी सगळ्यांत मोठी रांग तिथेच लागते. तो दिवस गाव फिरण्यात न घालवता पाय वर करून पडून राहा. तिथे सावरलेला पाय सहसा पंढरपूर गाठतो. पुढे लोणंद-तरडगाव असे छोटे टप्पेही आहेत, बऱ्या होणाऱ्या पायाला ते मानवतात.

पावसाचे दिवस वेगळे. नीरेचं स्नान झालं की लोक ओल्या पायांनीच मोजे चढवतात. दिवसभर भिजलेला तळवा पांढरा पडतो, सुरकुततो, आणि अशी कातडी जरा ताणली तरी सुटते. बोटांच्या बेचक्यात चिखल्या होतात. रात्री पाय पूर्ण वाळवून, बेचक्यांत बुरशीवरची पावडर टाकून, मोजे न घालता झोपा. एक कोरडी मोज्यांची जोडी फक्त झोपण्याच्या वेळेसाठी प्लास्टिकच्या पिशवीत ठेवा, थंडी वाजली तर. ती दिवसा पिशवीतून काढायची नाही, कितीही मोह झाला तरी.

एवढं करूनही फोड येऊ शकतो. आला तर घाबरू नका.

लहान आहे, दुखत नाही, दाब पडत नाही: हात लावू नका. वरची कातडी हे देवाने दिलेलं ड्रेसिंग आहे, त्याच्याइतकं चांगलं माझ्या पेटीत काही नाही. जाड फेल्टच्या (नमद्यासारख्या कापडाच्या) तुकड्याला मधे भोक पाडा, फोड त्या भोकात येईल असा चिकटवा, वरून टेप. भार कडेने जातो.

मोठा आहे, टम्म फुगलाय, त्यावर पाय टेकवत नाही आणि उद्या चालायचंच आहे: पाणी काढा. हात साबणाने धुवा. फोड आणि भोवतालची कातडी पोव्हिडोन आयोडिनने पुसा, वाळू द्या. सीलबंद इंजेक्शनची सुई घ्या. फोडाच्या कडेला, खालच्या बाजूला, दोन-तीन बारीक छिद्रं पाडा आणि गॉजने हळूच दाबून पाणी बाहेर येऊ द्या. एक मोठं भोक पाडू नका, चालताना कातडी तिथूनच फाटते. वरची साल अजिबात काढायची नाही. पुन्हा पाणी भरेल, मग संध्याकाळी आणि सकाळी परत तेच. पहिल्या दिवसात दोन-तीनदा पाणी काढलं तर वरची साल खालच्या कातडीला चिकटायची शक्यता वाढते. वर पॅराफिन गॉज (मेणचट जाळीची पट्टी) किंवा दुसरी न चिकटणारी पट्टी, मग टेप. नुसती टेप थेट फोडावर लावलीत तर रात्री टेपसोबत सालही हातात येईल.

सुईत दोरा ओवून तो फोडात ठेवून द्यायचा उपाय खूप चालतो. पाणी झिरपत राहतं हे खरं, पण त्याच दोऱ्यावरून रस्त्याची घाण आत जाते. मी तो कापून काढते आणि बोलणीही ऐकते, "आमच्या आजोबांपासून करतोय." असू दे. उदबत्तीवर तापवलेली सुईही नको, काजळी आत राहते. सगळ्यांत वाईट गोष्ट मी एका तंबूत पाहिली. एकच सुई, धोतराला पुसून, चौथ्या माणसाच्या पायात चालली होती. कावीळ ब आणि एचआयव्ही अशा सुईने पसरू शकतात. एका सुईला दोन-चार रुपये पडतात, पुडकंच घेऊन या.

रक्ताचा फोड शक्यतो फोडू नका. फुटलेला फोड स्वच्छ पाण्याने धुवा. लोंबणारी मेलेली कड तेवढी कात्रीने कापा, चिकटलेली राहू द्या. उघड्या मांसावर स्पिरिट किंवा हायड्रोजन पेरॉक्साइड ओतायचं नाही, जळजळ म्हणजे औषध लागू पडतंय असं काही नसतं. हळद भरायची नाही, तिच्यात माती असते आणि नंतर धुऊन निघत नाही, लाली दिसतही नाही. वर हायड्रोकोलॉइडची (जखमेचं पाणी शोषून घेणारी) जाड पट्टी मिळाली तर उत्तम. महाग आहे, पण दोन-तीन दिवस काढावी लागत नाही. धनुर्वाताचं इंजेक्शन गेल्या पाच वर्षांत झालं नसेल तर निघण्याआधीच घ्या.

अनवाणी चालणाऱ्यांचे फोड अनेकदा घर्षणाचे नसतात, दुपारच्या डांबराने भाजलेले असतात. ते फोडायचे नाहीत. वीस मिनिटं साध्या गार पाण्यात पाय ठेवा, बर्फात नाही.

फोडाभोवतीची लाली पसरत चालली, पिवळा पू दिसला, घोट्याकडून वर लाल रेघ चढली, जांघेत अवधाण (दुखरी गाठ) आलं किंवा ताप आला तर त्याच दिवशी वाटेवरच्या वैद्यकीय पथकाकडे. उद्यावर टाकायचं नाही.

आता आईंबद्दल. साखर असलेल्या माणसाला चुरचुर कळेलच असं नाही, आणि मी वर जे सांगितलं ते सगळं त्या चुरचुरीवर उभं आहे. एक काका मला आठवतात. "पाय मस्त आहेत" म्हणत चालले होते, मोजा काढला तर टाचेखाली रुपयाएवढी जखम आणि तिच्यात खडा. त्यांना पत्ताच नव्हता. म्हणून आधी डॉक्टरांकडे जाऊन पायाची संवेदना तपासून घ्या. नायलॉनच्या बारीक तारेने टोचून पाहतात, दोन मिनिटांचं काम. पायाच्या नाडीचे ठोकेही बघतील. संवेदना शाबूत, नाडी चांगली, साखर आटोक्यात आणि पायाला जुनी जखम नाही, असं असेल तर आईंनी यावं असं मी म्हणेन. संवेदना गेली असेल तर सगळी वाट चालायचा हट्ट मी करू देणार नाही. रोज सकाळचे चार-पाच किलोमीटर चालाव्यात, पुढे दिंडीच्या गाडीत बसावं.

आल्या तर त्यांचे पाय दिवसातून दोनदा तुम्ही बघा, बॅटरीच्या उजेडात, बोटांच्या बेचक्यांसकट. त्यांच्यावर सोपवू नका, आया खोटं बोलतात. मोजे पांढरे घ्या, रक्ताचा किंवा पाण्याचा डाग लगेच दिसतो. बूट घालायच्या आधी प्रत्येक वेळी आत हात फिरवायचा. अनवाणी एक पाऊलही नाही, रिंगणाच्या वेळीही नाही. गरम पाण्यात पाय सोडायचे तर आधी पाणी तुमच्या कोपराने पाहा. कुरूप घालवायच्या पट्ट्या लावू नका, त्यातलं आम्ल चांगली कातडीही खातं. त्यांना आलेला फोड, लहान असला तरी, तुम्ही फोडायचा नाही. झाकायचा, चालणं थांबवायचं आणि डॉक्टरांना दाखवायचा.

पेटीऐवजी डब्याएवढी पिशवी पुरते: कागदी टेपची दोन भेंडोळी, फेल्टचा तुकडा, छोटी कात्री, दहा सीलबंद सुया, गॉज, पॅराफिन गॉज, पोव्हिडोन आयोडिनची लहान बाटली, बुरशीवरची पावडर, साबणाची वडी. ती दिंडीच्या ट्रकमध्ये टाकू नका, ट्रक मुक्कामाला पुढे जातो आणि चुरचुर भर रस्त्यात सुरू होते. खांद्यावर ठेवा. ट्रकमध्ये ठेवायची ती सँडलची जादा जोडी, दुपारी घालायची नव्हे, आणि ती दोरीने एकमेकींना बांधून. सुटी ठेवली तर वाखरीला पोचेपर्यंत दोन्ही डाव्या पायाच्या उरतात.